उजव्या हाताची शाळा

मनुष्याचा उजवा हात घरांतील कर्त्या पुरुषासारखा असतो. तो हिंडताफिरता आहे तोंवर त्याच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. तो अंथरुणाला खिळला म्हणजे त्याच्यावांचून काय काय अडतें याचा हिशोब सुरू होतो. गेल्या वर्षीं अर्धांगवायूनें माझ्या उजव्या अंगावर झडप घातली, तेव्हांपासून हा हिशोब मी रोज मांडीत आहें. अठ्ठावीस वर्षें फळ्यावर खडू चालविणाऱ्या हाताला सदऱ्याचें बटण लावतां येईना.

आमच्या तालुक्याच्या गांवीं फिजिओथेरपिस्ट नाहीं. जिल्ह्याच्या ठिकाणीं रोज जाणें खिशाला आणि पायांना, दोघांनाही झेपणारें नव्हतें. तेथील तज्ज्ञानें एकदां सर्व दाखवून दिलें आणि घरींच शाळा भरूं लागली. शिक्षिका आमची सौभाग्यवती, आणि साहित्य स्वयंपाकघरांतलें. मेजावर पंचा पसरून तळहातानें तो पुढें सरकवावयाचा. दोन्ही हातांचीं बोटें गुंतवून हात वर उचलावयाचे. भिंतीला टेकविलेल्या खुर्चीवरून उठावयाचें व सावकाश बसावयाचें. एका वाटींतले वाटाणे दुसरींत घालावयाचे. नियम दोनच : दुबळा हात धरून कोणी ओढावयाचा नाहीं, कारण सैल झालेला खांदा त्यानें दुखावतो, आणि उभें राहतांना कोणी तरी जवळ हवें. अर्धांगवायू झाल्यावरच ‘अर्धांगी’ या शब्दाचा अर्थ मला नीट उमगला!

पण या शाळेचा निकाल काय? २०१७ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत भारतांतील १४ रुग्णालयांतल्या १२५० रुग्णांवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांच्या घरच्या माणसांना असलें शिक्षण दिलें. निम्म्यांवर नेहमींचे उपचार झाले. सहा महिन्यांनीं पाहिलें तों मृत वा परावलंबी झालेल्यांचें प्रमाण दोहींकडे शेंकडा ४७! उलट न्यूयॉर्कचे प्राध्यापक पेद्रो बाख-इ-रिता यांची गोष्ट आहे. १९५९ सालीं त्यांना हाच आजार झाला. वैद्यक शिकणाऱ्या मुलानें त्यांना तान्ह्या मुलाप्रमाणें रांगण्यापासून शिकविलें, भांडीं घासावयास लावलीं. आणि ते पुन्हां शिकवूं लागले. परंतु एका दृष्टांतानें सिद्धांत होत नाहीं, हें मीच वर्गांत सांगत आलों आहें.

म्हणून मी त्या प्रयोगाचा अर्थ असा लावतों कीं, घरच्या माणसांची माया हें तज्ज्ञाचा पगार वांचविण्याचें साधन नव्हे. ‘घरींच करा’ असें गरिबाला सांगून सरकारला हात झटकतां येणार नाहींत. मग आम्ही वाटाणे कशाला मोजतों? कारण आमच्यापुढें निवड घर कीं तज्ज्ञ अशी नाहीं. खुर्ची कीं खाट अशी आहे.

काल नऊ वाटाणे पलीकडे पोंचले. दहावा निसटून कपाटाखालीं गेला. तो काढावयास वांकलेली शिक्षिका कमरेवर हात ठेवून उठली. त्या कमरेला कोणता व्यायाम, हें मात्र आम्हांला कोणी दाखविलेलें नाहीं.