लाईट आल्याचा मेसेज

निफाडकडच्या आमच्या मळ्यात कांद्याला अजून पाटानेच पाणी भरतात. शेतीच्या फीडरला थ्री फेज लाईट आठ तास, तीही कधी दिवसा, कधी रात्री. विहिरीवर ऑटो लावला की मोटर आपोआप सुरू होते, पण एक वाफा भरला की पाणी पुढच्यात वळवायला माणूस लागतोच. म्हणून आण्णांनी सिमकार्डवाला मोबाईल स्टार्टर बसवला. लाईट आली की तो एसेमेस टाकतो. पण दिवसभर राबलेला माणूस मेसेजच्या एका ‘टिंग’ने उठतोय कुठे!

मी पुण्यात मोबाईल अ‍ॅप बनवण्याचं काम करतो. आण्णा म्हणाले, “लोकांसाठी एवढं करतोस, मग त्या मेसेजवर माझा फोन बोंबलेल असं काहीतरी करून दे की.”

अँड्रॉइडमध्ये एसेमेस आला की सिस्टीम गावात दवंडी पिटावी तशी एसेमेसची परवानगी असलेल्या सगळ्या अ‍ॅपना वर्दी देते. ती ऐकणाऱ्या कोडला ब्रॉडकास्ट रिसीव्हर म्हणतात. अ‍ॅप बंद असलं तरी सिस्टीम त्याला तेवढ्यापुरतं जागं करते. २०१७ च्या अँड्रॉइड ८ ने अशा बऱ्याच वर्द्यांवर बंधनं आणली, एसेमेसची मात्र राहू दिली. मेसेज स्टार्टरच्याच नंबरवरून आलाय का, हे तपासायचं तर शेवटचे दहा आकडेच जुळवायचे, कारण पुढे +९१ कधी असतं, कधी नसतं.

पुढचा अडसर पडद्याचा. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून मागे दडलेलं अ‍ॅप आपणहून पडद्यावर येऊ शकत नाही. त्यामुळे फोन आल्यावर येते तशी पूर्ण पडद्याची सूचना द्यावी लागली. आवाज अलार्मचा ठेवला, म्हणजे फोन सायलेंटवर असला तरी वाजतो. पडद्यावर ठळक दोनच शब्द: ‘लाईट आली’.

सगळ्यात जास्त पिडलं ते फोनमधल्या बॅटरी वाचवण्याच्या सोयीने. आण्णांना ‘सगळं साफ करा’ बटण दाबायची भारी हौस. त्यांच्या फोनवर तेवढ्याने अ‍ॅप सक्तीने बंद व्हायचं, आणि असं अ‍ॅप पुन्हा हाताने उघडेपर्यंत त्याच्यापर्यंत वर्दी पोचतच नाही. ऑटोस्टार्ट चालू केलं, बॅटरीच्या निर्बंधातून अ‍ॅपला सूट दिली, तेव्हा कुठे रात्री धडपणे वाजायला लागलं.

मग शेजारच्या मळ्यातूनही मागणी आली. पण २०१८ मध्ये जाहीर झालेल्या धोरणानुसार, एसेमेस वाचणं ज्यांचं मुख्य काम नाही अशा अ‍ॅपना एसेमेसची परवानगी मागून प्ले स्टोअरवर येता येत नाही, अपवाद मोजके. आधी चिडलो. मग व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या लग्नपत्रिकेच्या आणि ई-चलनाच्या बनावट एपीके फायली आठवल्या. त्याही हीच परवानगी मागतात आणि बँकेचा ओटीपी आला की तो परस्पर भामट्याकडे धाडतात. आण्णांना उठवणारी आणि खातं रिकामं करणारी वाट एकच, तेव्हा ती अडवली आहे ते बरोबरच आहे. माझ्या अ‍ॅपची फाईल मी कुणाला फॉरवर्ड करत नाही. ज्याला हवं त्याच्या फोनवर स्वतः जाऊन टाकून देतो.

तुम्हीही सेटिंगमध्ये जाऊन एसेमेसची परवानगी कोणकोणत्या अ‍ॅपला दिली आहे ते बघा. जिथे कारण सांगता येत नाही, तिथली आजच काढून टाका.