गायरान कुणाचं?

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात गायरानाला लोक 'ई-क्लास' म्हणतात. कागदावर मालक सरकार, पण गावाच्या लेखी ती सगळ्यांची जमीन. ज्याच्या नावावर गुंठाभर शेत नाही, त्याच्या बकरीलाही तिथे चारा मिळे.

माझ्या दादीकडे शेत नव्हतं, चार-पाच बकऱ्या होत्या. पावसाळ्यात ई-क्लासवरचा तरोटा भाजीला, उन्हाळ्यात तिथल्याच शेणाच्या गोवऱ्या चुलीला. बकरी ईदच्या आधी बोकड विकला की दुकानाची उधारी फिटे. मजुरी नसेल त्या दिवशीही तिने कुणापुढे हात पसरला नाही.

ही जमीन एका दिवसात गेली नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८७० मध्ये खामगावला रेल्वे पोचली. गवताची रानं नांगराखाली गेली. पुढे उरलेल्या पडीक जमिनीवर भूमिहीनांनी हक्क सांगितला. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या सत्याग्रहांची मागणी तीच होती. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमीन मिळूच दिली नाही, त्यांच्या कसण्याला मी लूट म्हणणार नाही. पण गायरानाला लागून शेत असलेल्यांनीही दरसाल एकेक तास पुढे नांगरला. तो बांध सरकताना कुणाच्या डोळ्यांत आला नाही.

२०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामायिक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला. आता मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना २.० मध्ये गायरानंही सौर प्रकल्पांना दिली जातात. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळेल, रात्री साप-विंचवात पाणी द्यायला जावं लागणार नाही, हे चांगलंच. पण पंप शेतवाल्याचा. तारेच्या कुंपणाबाहेर उभ्या बकरीवालीला काय मिळालं?

चारा विकत घेऊन बकऱ्या पोसणं परवडत नाही. मग त्या विकल्या जातात आणि बाई सोयाबीनच्या सोंगणीला दुसऱ्याच्या शेतात जाते. काल चार जनावरांची मालकीण होती, आज रोजाने मजूर.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पाणी, गवत आणि विस्तव यांत सगळ्यांचा वाटा सांगितला आहे. म्हणून ग्रामसभेत ई-क्लासचा विषय निघाला की आपण एवढं तरी विचारावं: चराईसाठी किती जागा राखली? आणि हे विचारायला बकरीवाल्या बायांना सोबत न्यावं. त्यांचं नाव सातबाऱ्यावर कधीच नव्हतं, पण त्या जमिनीवर त्यांचं घर चालत होतं.