अळणीच्या पलीकडे

काकडीचं टोक कापून त्याच चकतीनं कापलेल्या जागी घासलं की पांढरा फेस येतो, आणि त्या फेसाबरोबर एक थंड, हिरवा वास उठतो. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत हा वास रोजचा होता. मधल्या वर्षांत मात्र काकडी म्हणजे मीठ आणि चाट मसाला लावून खायची एक गार, पाणीदार वस्तू, एवढंच उरलं होतं. पाकिटातलं खाणं सोडल्यावर काही आठवड्यांनी एका दुपारी कोशिंबिरीसाठी काकडी चिरत होते आणि तो वास पुन्हा आला. मीठ न लावता एक फोड तोंडात टाकली. बियांपाशी गोडसर, सालीपाशी किंचित कडवट आणि मध्ये नुसता गारवा. एका फोडीत एवढं सगळं होतं. तेव्हापासून मी चवींकडे फार मन लावून बघते आहे.

सोडलं म्हणजे काय सोडलं, ते आधी सांगायला हवं. वेफर्स, मसाल्याची पुडी घालून करायच्या नूडल्स, क्रीमची बिस्किटं, कोला, महिनोन्महिने टिकणारी फरसाणाची पाकिटं, दमून घरी आल्यावर फोनवरून मागवलेले पिझ्झे. आमच्या आईच्या भाषेत सगळं अरबट-चरबट. वडापाव मी या यादीत घालत नाही. १९६६ मध्ये दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्यांनी तो विकायला सुरुवात केली तेव्हा कामावर जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाला उभ्या उभ्या, परवडेल अशा पैशांत पोटभर काहीतरी हवं होतं. समोरच्या कढईतून निघालेल्या वड्यात बटाटा बटाट्यासारखा लागतो, लसूण लसणासारखी. तो रोज खाऊ नये, पण अधूनमधून मी खाते आणि आनंदानं खाते. दिवाळीच्या चिवड्याचंही तसंच. ब्राझीलचे कार्लोस मोन्तेइरो यांनी अन्नाची जी वर्गवारी मांडली, तिच्यात मुख्य प्रश्न पदार्थावर कारखान्यात किती आणि कशासाठी प्रक्रिया झाली हा असतो. मला ती रेघ पटते. घरच्या कढईला मी गुन्हेगार ठरवणार नाही.

पहिले काही आठवडे वाईट गेले. वरणभात मिळमिळीत लागे, पालेभाजी गवत चघळल्यासारखी. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पोट भरलेलं असतानाही तोंडाला काहीतरी कुरकुरीत, खारट, झणझणीत हवं असायचं, आणि ते मिळालं नाही की चिडचिड व्हायची. पुष्कळ लोक इथंच परत फिरतात. आरोग्याचं खाणं म्हणजे जन्मभर हे असं अळणी जेवायचं, असा त्यांचा समज होतो, आणि त्या आठवड्यांत तो खराही वाटतो. वैशाखाच्या उन्हातून एकदम माजघरात पाऊल टाकलं की काही क्षण काळोखाशिवाय काही दिसत नाही. तिथं फडताळ असतं, डबे असतात, कोपऱ्यात बसलेलं माणूससुद्धा असतं, पण डोळे अजून उन्हातच असतात. जिभेचं हे माजघर आहे. फक्त तिला सरावायला डोळ्यांपेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो.

किती वेळ, याचा शोध लोकांनी घेतला आहे. जिभेवरच्या स्वादकलिकांमधल्या पेशी साधारण दहा दिवस ते दोन आठवड्यांत झडून नव्या येतात. पण आवडीनिवडी पेशींइतक्या लवकर बदलत नाहीत. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत मेरी बर्टिनो आणि गॅरी बोशां यांनी काही तरुणांना पाच महिने कमी मिठाचा आहार घ्यायला सांगितलं. १९८२ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले: या तरुणांना सूप आणि बिस्किटांत जेवढं मीठ पूर्वी छान वाटायचं, त्यापेक्षा कमी मीठ आता छान वाटू लागलं होतं. मला या निष्कर्षाचा फार मोठा दिलासा वाटतो. कमी मिठाची सवय म्हणजे मन मारणं असतं, तर ते पाच महिन्यांनीही मन मारतच राहिले असते. इथं आवडच खाली उतरली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे म्हणते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. तो ऐकायला क्रूर वाटणारा आकडा जिभेला हळूहळू पेलतो.

मला स्वतःला हे सगळ्यात स्पष्ट कळलं ते ज्वारीच्या भाकरीत. मंगळवेढ्याची मालदांडी आणली होती. त्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. भाकरी तव्यावरून थेट ताटात आली, पापुद्रा फुगलेला, कडेला दोन-तीन काळे डाग. भाजी अजून व्हायची होती म्हणून नुसताच तुकडा तोडून चावत बसले. पहिल्यांदा भाजलेल्या पिठाचा वास, मग काळ्या डागाचा पुसट कडवटपणा, आणि दहा-पंधरा वेळा चावल्यावर जिभेच्या मागच्या बाजूनं गोडी येऊ लागली. ही गोडी कल्पनेतली नाही. आपल्या लाळेत अमायलेज नावाचं विकर असतं, ते पिठातल्या स्टार्चचे तुकडे करून त्यातून माल्टोज ही साखर मोकळी करतं. भाकरी ही गोडी हातात तयार ठेवून देत नाही. दात, लाळ आणि थोडा वेळ दिला की ती तोंडातच घडते.

पाकिटातल्या पदार्थाला असा वेळ नकोच असतो. मक्याची फुगवलेली नळकांडी तोंडात टाकली की जिभेवर विरघळून जातात. चावण्याजोगं काही उरत नाही आणि पोटाला आपण किती खाल्लं याचा पत्ता लागत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वीस जणांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे असं कारखानी अन्न आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं अन्न दिलं. हवं तेवढं खायची दोन्ही वेळा मुभा होती. ताटात वाढलेली साखर, मीठ, चरबी, चोथा दोन्हीकडे सारखी ठेवली होती. तरी कारखानी अन्नावर असताना ती माणसं रोज सुमारे पाचशे कॅलरी जास्त खात होती, जेवणही भराभर उरकत होती, आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलो वजन वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. म्हणून लठ्ठ माणसाच्या संयमाबद्दल कुणी उपदेश करू लागलं की मला राग येतो. खाणाऱ्याचा हात थांबू नये अशाच बेतानं केलेल्या वस्तूपुढे त्याला बसवायचं आणि मग त्यालाच बोल लावायचे, हा न्याय नाही.

साखरेचं प्रकरण मिठापेक्षा चिवट आहे. कोल्याच्या तीनशे मिलिलिटरच्या डब्यात सुमारे आठ चमचे साखर असते. ती सुटल्यावर मला आधी गाजर गोड लागलं, मग परतलेला कांदा, मग साखर न घातलेलं म्हशीचं दूध. मोनेलमध्येच २०१६ साली झालेल्या एका अभ्यासात तीन महिने साखर कमी खाणाऱ्यांना तेच पुडिंग इतरांपेक्षा जास्त गोड लागू लागलं होतं. मात्र गोडाची ओढ त्यांच्यात कमी झालेली दिसली नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण सोडणाऱ्यांना पुष्कळदा वाटतं की काही दिवसांत इच्छाच मरेल, आणि ती मेली नाही की आपण कमी पडलो असं वाटून ते खचतात. इच्छा मरत नाही. जीभ तल्लख होते, त्यामुळे थोड्यात भागतं. पुरणपोळी मला आजही आवडते. आता एक पुरते, आणि त्या एकीतलं जायफळ कळतं.

आपल्याकडे रस सहा मोजले: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. पाकिटांच्या माळा लावलेल्या दुकानासमोर उभं राहून बघा. पहिले चार ठासून भरलेले दिसतील. कडू आणि तुरट जवळपास मिळणारच नाहीत, कारण त्यांची गोडी लागायला वेळ लागतो आणि पाकीट पहिल्या घासाला खपावं लागतं. हे दोन रस परत मिळणं ही माझ्या लेखी सगळ्यात मोठी कमाई. मेथीच्या भाजीतला कडूपणा, ज्याला मी वर्षानुवर्षं गूळ घालून दाबत होते, तो आता हवासा वाटतो. कारल्याच्या काचऱ्या, शेपूचा उग्रपणा, जांभळानं जड झालेली जीभ. आवळ्याचं तर विचारूच नका: आधी आंबट, मग तुरट, आणि वर पाणी प्यायलं की तेच पाणी गोड.

आणि ऋतू परत आले. पाकिटाची चव जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये एकच असते, ती तशी राहावी म्हणून कारखान्यात माणसं राबत असतात. झाडाला असं काही बंधन नाही. आमच्याकडे सासवडच्या बाजूची सीताफळं घेऊन येणाऱ्या मावशी फळ उचलण्याआधी विचारतात, "ताई, आज खायचंय का उद्या?" मग डोळ्यांमधल्या फटी बघून, बोटानं अलगद दाबून त्या एक पाटीत परत ठेवतात आणि दुसरं काढून देतात. त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिलेला नाही. पोहोचलेलं फळ एक दिवसाचं असतं, दुसऱ्या दिवशी ते उतरतं. भोगीच्या भाजीत पावटा, गाजर, वांगं, ओला हरभरा आणि तिळाचं कूट एकत्र येतं, सोबत बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. ती भाजी मे महिन्यात कुणी करून घातली तरी तशी लागणार नाही. वाट बघणं हा तिच्या चवीचाच भाग आहे. पावसाच्या सुरुवातीला मंडईत टाकळा आणि शेवळं येतात, थोडे दिवस राहतात आणि जातात. त्यांची तारीख मला आता पाठ झाली आहे.

शरीराबद्दल थोडक्यात, कारण चमत्काराच्या गोष्टी मला सांगायच्या नाहीत. रात्री तहानेनं जाग यायची, ती थांबली. छातीतली जळजळ गेली. दुपारी तीनला डोळ्यांवर येणारी जड झापड कमी झाली. मटकी आणि चवळी वाढवल्यावर सुरुवातीला पोट फुगायचं, तेही हळूहळू निवळलं. ज्यांना रक्तदाब आहे त्यांना मीठ कमी केल्यानं फायदा होतो हे वैद्यकाला पक्कं ठाऊक आहे. औषधाचा निर्णय मात्र डॉक्टरांनीच करायचा. मला सगळ्यात मोलाची वाटते ती परत आलेली भूक. खरी भूक मी फार दिवसांत अनुभवलीच नव्हती. सारखं थोडं थोडं तोंडात टाकत राहिलं की पोट कधी रिकामं होत नाही आणि जेवणाची वेळ आपण होऊन येत नाही. आता साडेबाराच्या सुमाराला स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला की पोटातून हाक येते, आणि तेव्हा समोर जे असेल ते गोड लागतं.

हे सगळं मला जमलं, कारण घरात स्वयंपाकाला वेळ आहे आणि मंडई चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वाडीवस्तीवरच्या दुकानात पेरू नसतो, केळं नसतं, पाच रुपयांचं पाकीट मात्र दारातच लोंबत असतं. कामावर निघालेली आई पोराच्या हातात पाच रुपये ठेवते तेव्हा त्या पैशांत दुसरं काय मिळणार असतं? महाराष्ट्र सरकारनं २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूडला मनाई केली. २०२० च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत चरबी, मीठ, साखर जास्त असलेल्या पदार्थांची विक्री बंद केली. नियम चांगले आहेत. पण एक्कावन्नाव्या मीटरवर शेंगदाण्याचा लाडू पाच रुपयांत मिळाला पाहिजे, तो बचत गटाच्या बायकांना परवडेल असा करता आला पाहिजे, आणि शाळेनं तो मुलांपर्यंत पोहोचवला पाहिजे. नाहीतर आपण गरिबाच्या पोराच्या हातातलं पाकीट काढून घेऊ आणि हात रिकामा ठेवू.

तुम्ही सोडायचं ठरवत असाल तर एकदम सगळं टाकू नका, आणि आठ दिवसांत निकाल मागू नका. मीठ चिमटी-चिमटीनं उतरवा. संध्याकाळी पाचला डब्यात भाजलेले फुटाणे, दाणे, एखादं फळ तयार ठेवा, कारण त्या वेळी शोधायला गेलात तर हाती पाकीटच लागेल. दोन-तीन महिने जाऊ द्या. आणि घरात लहान मूल असेल, तर गरम भाकरीचा पहिला तुकडा त्याला नुसताच द्या, वर काही न लावता, आणि तो सावकाश चावून होईपर्यंत त्याच्याजवळ बसा.