शिकलो मी, राबली ती

आईला स्मृतिभ्रंश झालाय हे मान्य करायला मी फार उशीर केला. चहात मीठ पडलं, दारात आलेल्या सख्ख्या भाच्याला तिनं "कुणाकडं आलास रं?" असं विचारलं, तरी मी 'वय झालं' म्हणत राहिलो. बी-१२ कमी पडलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी माणूस विसरायला लागतो आणि ते औषधानं सुधारू शकतं, म्हणून रक्त आधी तपासायचं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. आईच्या तपासणीत तसं काही निघालं नाही. निघालं असतं, तर वाया घालवलेल्या त्या काळाचा हिशेब मला कुणालाच देता आला नसता.

पण ती चूक अडाणीपणाची होती. त्याहून वाईट चूक मी शहाणपणाच्या भरात केली.

आईचं माहेर हिरडस मावळातलं. भोरहून महाडकडं जाताना नीरा-देवघरचं पाणी लागतं, त्याच्याखाली त्यांची भातखाचरं गेली. दिवेलागण झाली की आई पिशवी भरायची. "तरवा काढायचाय, माहेरी जाते." आमचं सारोळं पुणे-सातारा महामार्गावर, चार पावलं चुकली की समोर ट्रक. मी तिला अडवून सांगायचो, "अगं, तुझं माहेर धरणात गेलं. मामा वारले. कुणाकडं जातेस?" ती मटकन बसायची आणि बातमी आत्ताच कळावी तशी रडायची. दुसऱ्या दिवशी सगळं पुसलेलं, पुन्हा पिशवी, पुन्हा माझं तेच उत्तर. रोज संध्याकाळी मी तिच्या भावाला नव्यानं मारत होतो आणि वर म्हणत होतो, आईशी खोटं कसं बोलायचं?

पुण्यात अशा घरांसाठी शिबिर आहे असं कळलं, तेव्हा मी गेलो. तिथं पहिल्यांदा ऐकलं की वाद घालायचा नाही; ती काय म्हणते यापेक्षा तिला काय वाटतंय ते धरायचं. परत आल्यावर मी विचारलं, "औंदा कुठल्या खाचरात लावणी?" आई चिखलणीपासून सांगत बसली आणि पिशवी बाजूला राहिली. रोज जमतं असं नाही, पण बऱ्याचदा जमतं.

आंघोळीचंही शिकवलं होतं. कपडे, टॉवेल आधी हाताशी ठेवायचे, एका वेळी एकच गोष्ट सांगायची, पाणी डोक्यावरून न ओतता पायांपासून सुरुवात करायची, खांदे झाकलेले ठेवायचे. मी हे सगळं कागदावर उतरवलं, मोरीच्या दाराला चिकटवलं आणि बायकोला समजावू लागलो. मी शिरवळला कारखान्यात, पाळीवर. आईचं सगळं तीच करायची, आईची चापटही तीच खायची. एक दिवस ती म्हणाली, "शिबिराला तुम्ही गेलात, आंघोळ मी घालते. आता परीक्षाबी माझीच घेताय व्हय?"

मला राग आला. ईर्ष्येनं एका रविवारी मीच आईला मोरीत नेलं. कागदाप्रमाणे पायांवर कोमट पाणी घातलं. आई किंचाळली. अंगावर पदर ओढून म्हणाली, "हा बाप्या कोण?" कागदात हे नव्हतं. बायकोनं मात्र स्वतःच शोधलेली युक्ती होती. ती जात्यावरची ओवी अर्धी म्हणून थांबायची, आई उरलेली पुरी करायची आणि तेवढ्यात पाठ धुऊन व्हायची. मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

नंतर वाचनात आलं, गोव्यात हे उलट्या बाजूनं करून पाहिलं होतं. स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरी पाठवलं, सांभाळणाऱ्याला घरातच शिकवलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८१ कुटुंबं होती. रुग्ण बरे झाले नाहीत, पण सांभाळणाऱ्यांचं मन सावरलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'आयसपोर्ट' या पुस्तिकेतही एक अख्खा भाग सांभाळणाऱ्यानं स्वतःला कसं जपावं यावर आहे. शिबिरातल्या माझ्या वहीत त्याबद्दल एक ओळ नव्हती. ते आपल्यासाठी नाही असं वाटून मी लिहूनच घेतलं नसणार.

आता पहिली पाळी नसली तर सकाळचा चहा-नाश्ता आणि सुट्टीच्या दिवशीची सगळी संध्याकाळ माझी. त्या वेळात बायको कुठं जाते, काय करते, हे विचारायचं नाही असं ठरलंय.

देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये मांडला गेला. त्यात प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त आढळलं. आशाताई घरोघरी जातातच. हे शिक्षण त्यांना देऊन चुलीपर्यंत पोहोचवलं, तर पुण्याच्या बसचं तिकीटही लागणार नाही. तोवर एवढं करा: शिबिराचा निरोप आला, तर घरात आंघोळ कोण घालतं ते बघा आणि तिला पाठवा. त्या दिवशी घरी तुम्ही थांबा.