शेवटची गाडी

वाचकहो, परक्या शहरी गेले की मी प्रथम शेवटच्या गाडीची वेळ विचारते. शहर कामाला केव्हा लागते हे पहिली गाडी सांगते. त्याला कोणाची काळजी आहे, हे शेवटची.

जयपूरची मेट्रो ३ जून २०१५ रोजी मानसरोवर ते चांदपोल अशी सुरू झाली आणि सप्टेंबर २०२० मध्ये बडी चौपडपर्यंत पोहोचली. तिच्याच वाटेवर जयपूरचे रेल्वे स्टेशन आहे. तेथे बाहेरगावच्या गाड्या अपरात्रीही येतात. मेट्रो मात्र तेव्हा थांबलेली असते. ही विश्रांती आळसाची नव्हे. त्याच अवधीत रूळ व विजेच्या तारा तपासता येतात. मुंबईची लोकल मध्यरात्र उलटल्यावरही धावते; तरी तिलाही काही तास थांबावेच लागते.

परंतु दुकान उशिरा बंद करून निघणाऱ्या मुलीला हे कारण घरी पोहोचवीत नाही. रिक्षाच्या भाड्यात तिची दिवसाची कमाई झिजते, आणि घरचे म्हणतात, ‘नोकरीच सोड.’

तसे म्हणण्यापूर्वी, वाचकहो, आपण सर्वांनी मिळून गाडीची वेळ वाढवून मागावी. वेळापत्रक माणसांनीच केलेले असते.