निष्ठेचा जमाखर्च

२०२४ सालच्या हंगामापासून चॅम्पियन्स लीग ह्या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेची घडी बदलण्यात आली, आणि त्या बदलाचे जे परिणाम दूरदूर पोहोचले त्यांपैकी एक आयंडहोव्हन शहरातील आम्हा मराठी मंडळींच्या खासगी फँटसी लीगपर्यंत येऊन ठेपला. पूर्वी चार-चार संघांचे गट असत. आता छत्तीस संघांची एकच सलग यादी झाली, प्रत्येकाच्या वाट्याला आठ सामने आले, पहिले आठ संघ थेट पुढच्या फेरीत गेले आणि नवव्यापासून चोविसाव्यापर्यंतच्या सोळा संघांना फेब्रुवारीत आपसांत दोन-दोन सामने खेळून आपली पात्रता सिद्ध करावी लागली. ह्या मधल्या फेरीचे नाव प्ले-ऑफ. खऱ्या खेळाडूंना तिची जेवढी धास्ती, तेवढीच आमच्यासारख्या कागदी संघांच्या धन्यांनाही होती. कारण सप्टेंबरपासून ज्यांच्या जिवावर आम्ही गुण वसूल करीत आलो होतो, ते लिव्हरपूलचा सालाह आणि बार्सिलोनाचा राफिन्या हे दोघेही, आपापले संघ पहिल्या दोन क्रमांकांवर आल्यामुळे, त्या पंधरवड्यात घरी बसणार होते. उत्तम कामगिरीचे बक्षीस म्हणून त्यांना मिळालेली रजा आमच्या दप्तरी मात्र गैरहजेरी म्हणून पडणार होती.

ह्या खेळाशी ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी चार शब्द सांगितले पाहिजेत. हंगामाच्या आरंभी दहा कोटी युरोंची काल्पनिक तिजोरी प्रत्येकाच्या हवाली होते. तीतून दोन गोलरक्षक, पाच बचावपटू, पाच मध्यरक्षक आणि तीन आघाडीचे, असे पंधरा खेळाडू घ्यायचे आणि मैदानावर ते जे काही करतील त्याचे गुण आपल्या नावे जमा व्हायचे. आघाडीच्या खेळाडूने गोल केला तर चार गुण, बचावपटूने केला तर सहा. प्रतिपक्षास गोल करू न दिल्याबद्दल गोलरक्षक आणि बचावपटू ह्यांस चार. आणि प्रतिपक्षाच्या पायांतून चेंडू परत मिळवण्याच्या दर तीन प्रसंगांमागे एक गुण, जो प्रेक्षकांच्या नजरेस सहसा न पडणाऱ्या कष्टाळू माणसांच्या पदरी पडतो. खरी खुबी आहे ती मंगळवार आणि बुधवार ह्या दोन रात्रींच्या मधल्या काळात. मंगळवारी खेळून निष्प्रभ ठरलेल्या माणसास बाकावर बसवून बुधवारी खेळणाऱ्यास आत घेता येते, आणि ज्याचे गुण दुप्पट धरले जातात ते कप्तानपदही एकाकडून काढून दुसऱ्यास बहाल करता येते. म्हणून दोन्ही दिवसांची माणसे समतोल ठेवणे हे तयारीतले पहिले सूत्र समजले जाते.

मी मूळचा कोल्हापूरचा, त्यातही शिवाजी पेठेतला. आमच्या गावी कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनी संस्थानी काळापासून फुटबॉल आपलासा केला, आणि पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही नावे शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या माणसाच्या कुलवृत्तांतातच दाखल झाली. तिथे कोणता संघ आपला, हा प्रश्न कोणी कोणाला विचारीत नाही. ज्या पेठेत जन्म, त्या पेठेचा संघ, आणि ज्याने त्यात अदलाबदल केली त्याच्या पानात वाढताना घरच्या बायकाही हात आखडता घेतील. अशा वातावरणात वाढलेल्या मनुष्यास, प्रत्येक संघातून एक-दोन माणसे उचलून स्वतःची फौज उभी करण्याचा हा उद्योग आरंभी काहीसा फितुरीचा वाटला, हे मी नाकारीत नाही.

परंतु परदेशी आलेल्या माणसाला पेठ नसते, आणि कदाचित् म्हणूनच हा खेळ आम्हा सर्वांना मानवला. आमच्यात कोणी वेल्डहोव्हनच्या एएसएमएलमध्ये यंत्रांच्या भिंगांशी झुंजणारा, कोणी विद्यापीठात संशोधन करणारा, कोणी नागपूरचा, कोणी डोंबिवलीचा; आणि गुणतक्त्यात जवळजवळ कायम सर्वांच्या वर असणाऱ्या साताऱ्याच्या वहिनी, ज्या दिवसा एका कंपनीचे हिशेब तपासतात आणि रात्री आमचे. त्यांची पद्धती अत्यंत रूक्ष. कोणाची कीर्ती किती, ह्याकडे त्या ढुंकूनही पाहत नाहीत. खेळाडू पूर्ण नव्वद मिनिटे मैदानावर राहतो का, पेनल्टी घेण्याचा अधिकार संघात कोणाचा, मागील शनिवारी प्रशिक्षकाने कोणास विश्रांती दिली, एवढ्या तीन रकान्यांची एक आडवी वही त्या ठेवतात, आणि त्या वहीने आमच्या अनेक उत्साही तर्कांना बिनबोभाट बरखास्त केले आहे.

त्या वर्षीच्या प्ले-ऑफचे वैशिष्ट्य असे की नेदरलँड्सचे दोन संघ त्यात होते आणि दोघांच्याही नशिबी इटालियन प्रतिस्पर्धी आले होते: चौदाव्या क्रमांकावरील आमच्या आयंडहोव्हनच्या पीएसव्हीस युव्हेंटस, आणि एकोणिसाव्या क्रमांकावरील फेयेनूर्डला मिलान. फेयेनूर्डची स्थिती मोठी चमत्कारिक होती. जानेवारीत बायर्न म्युनिकला तीन गोलांनी धूळ चारणारा तो संघ आठवड्याभरातच लीलकडून सहा गोल खाऊन आला होता. पहिल्या सामन्याला दोन दिवस उरले असताना, १० फेब्रुवारी रोजी, त्यांचे प्रशिक्षक ब्रायन प्रिस्के ह्यांना पदमुक्त करण्यात आले होते. आणि बायर्नविरुद्ध दोन गोल करणारा सांतियागो हिमेनेझ हा त्यांचा मेक्सिकन आघाडीवीर महिन्याच्या आरंभीच मिलानने विकत घेतला होता. म्हणजे रॉटरडॅमच्या ज्या मैदानावर लोकांनी त्याला डोक्यावर घेतले, त्याच मैदानावर तो नव्या धन्याचा अंगरखा घालून उतरणार होता. त्यास संघात घ्यावे की न घ्यावे, ह्यावर आमच्या मंडळीत एवढा खल झाला की वहिनींनी मांडलेले कांदेपोहे थंड होऊन गेले. रॉटरडॅमला काही वर्षे राहून आलेला नागपूरकर मित्र त्याचे नावच घेऊ देईना. वहिनींनी मात्र, तो नव्वद मिनिटे खेळेल, एवढेच पाहून त्यास दाखल करून घेतले.

माझी अडचण निराळी होती. मी राहतो ते घर स्ट्रायप भागात, फिलिप्स स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पीएसव्ही हा क्लब १९१३ साली फिलिप्स कारखान्याच्या छत्राखाली स्थापन झाला आणि ह्या भागातील विटांची जुनी घरेही कारखान्याने कामगारांसाठी बांधलेली आहेत. तेव्हा आमच्या गल्लीतील वृद्धांचा त्या संघाशी असणारा संबंध हा आवडीनिवडीचा नसून वतनाचा आहे. माझे शेजारी फिलिप्समधून निवृत्त झालेले गृहस्थ; त्यांच्या वडिलांनी धरलेली स्टेडियममधली जागा ते आजही राखून आहेत. पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी कुंपणापाशी उभे राहून त्यांनी मला विचारले, "युव्हेंटसचा एखादा माणूस घेतलात की काय तुम्ही?" मी नाही म्हणालो, आणि म्हटल्यावर ध्यानात आले की अजून काहीच ठरवलेले नसताना माझ्या तोंडून एक निर्णय बाहेर पडून गेला होता.

११ फेब्रुवारीस तुरिन येथे पीएसव्ही दोनास एक असा हरला. पीएसव्हीचा तो एकमेव गोल इव्हान पेरिशिच ह्याचा. नुकतीच वयाची छत्तीस वर्षे पूर्ण केलेला हा क्रोएशियन खेळाडू मी स्वस्त दरात घेतला होता. दुसऱ्या रात्री रॉटरडॅममध्ये फेयेनूर्डच्या पैशांव ह्याने तिसऱ्याच मिनिटाला मारलेला चेंडू मिलानच्या गोलरक्षकाच्या हातून निसटून आत गेला आणि कायम प्रशिक्षकावाचून उतरलेला फेयेनूर्ड एका गोलाने जिंकला. परतीच्या सामन्यांसाठी बदल्या करण्याची मुदत सुरू झाली तेव्हा वहिनींनी मला स्वच्छ सल्ला दिला: युव्हेंटसपाशी एका गोलाची आघाडी आहे, ते आयंडहोव्हनला येऊन बचावच करतील, तेव्हा त्यांचा एक बचावपटू घ्या, किंमतही आटोक्यात आहे. मी कबूल होईना. माझी कारणे ऐकून घेतल्यावर, ज्यांत एकही आकडा नव्हता, त्यांनी वही पुढे ओढली आणि अगदी शांतपणे विचारले, "ठीक आहे भाऊजी, पण हा खर्च कुठल्या खात्यावर टाकू?"

सगळे हसले, मीही हसलो. परंतु वहिनी हसत नव्हत्या. त्यांचे म्हणणे असे की माणसाने भावनेपोटी गुण सोडण्यास कोणाचीच हरकत नाही. हरकत आहे ती, तो खर्च लपवून त्याला अभ्यासाचे नाव देण्यास. "पेरिशिचला ठेवता ते तो चांगला खेळतो म्हणून, ते ठीकच आहे. युव्हेंटसवाला घेत नाही ते शेजारी काय म्हणतील म्हणून. ह्या दोन रकमा एकाच रकान्यात मांडल्या की ताळेबंद कधीच जुळत नाही." आणि त्यांनी माझ्या पानावर एक नवे खाते उघडले. त्याला नाव दिले 'पेठ'.

१८ तारखेस मिलानमध्ये हिमेनेझने पहिल्याच मिनिटाला आपल्या जुन्या संघावर गोल केला आणि वहिनींचा हिशेब बिनचूक ठरला. पुढे मिलानच्या थिओ हर्नांडेझला पडण्याचे सोंग केल्याबद्दल दुसरे पिवळे कार्ड मिळून बाहेर जावे लागले, करांझाने बरोबरी साधली आणि फेयेनूर्ड पुढच्या फेरीत गेला. नागपूरकर मित्राला गुण काहीच मिळाले नव्हते, आणि इतका तृप्त मनुष्य मी क्वचितच पाहिला आहे.

दुसऱ्या रात्री सगळी मंडळी माझ्या घरी जमली होती. आमचे प्रक्षेपण इंटरनेटवरून येणारे, म्हणजे प्रत्यक्ष खेळाच्या अर्धा-पाऊण मिनिट मागे. आणि स्टेडियम एवढे जवळ की खिडकी किंचित उघडी असली तर तिथला कोलाहल थेट खोलीत यावा. उत्तरार्धात, पडद्यावर चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर रेंगाळत असताना, बाहेरून एकाएकी असा गजर उठला की टेबलावरच्या बशा सोडून सगळे उभे राहिले. आणि मग, जे घडून गेले आहे ते घडण्याची वाट पाहत, आम्ही पेरिशिचला तो गोल करताना पाहिले. दहा मिनिटांनी उलट झाले. खिडकीबाहेर काहीच नव्हते, आणि पडद्यावर युव्हेंटसच्या वेयाने लांबून मारलेला चेंडू जाळ्यात गेला. त्यानंतर आम्ही पडद्याकडे पाहत असलो तरी सर्वांचे कान खिडकीकडे होते. सैबारीने ७४व्या मिनिटाला केलेला गोल आम्ही आधी ऐकला, मग पाहिला, एकूण गोल तीन-तीन झाल्याने खेळ जादा वेळेत गेला, आणि ९८व्या मिनिटाचा गजर उठला तेव्हा मारणारा कोण हे कळण्यापूर्वीच वहिनी हळूच म्हणाल्या, "फ्लेमिंगो असू दे." तो फ्लेमिंगोच होता: त्यांनी नव्वद मिनिटांच्या रकान्यातून उचललेला बचावपटू, सहा गुणांचा धनी. पीएसव्ही एकूण चारास तीन असा पुढे सरकला. युव्हेंटसचा बचावपटू मी घेतला असता तर तीन गोल खाल्ल्याबद्दल माझाच एक गुण वजा झाला असता. म्हणून त्या रात्री 'पेठ' खात्यावर खर्च न पडता उलट किंचित बचत दिसली, जी वहिनींनी, निर्णय चुकीच्या कारणाने बरोबर आला आहे असा शेरा मारून, जमेस धरली.

पुढील फेरीत पीएसव्हीस आर्सेनल मिळाला. ४ मार्च ही कार्निव्हालची शेवटची रात्र होती. रस्त्यांतून नाना सोंगे घेतलेली माणसे पितळी बँडमागे फिरत होती, आणि त्याच रात्री आर्सेनलने आयंडहोव्हनच्या मैदानावर सात गोल केले. पेरिशिचला मी आतच ठेवला होता. कारण खात्यावर स्पष्ट लिहिले होते. पीएसव्हीचा एकुलता एक गोल नोआ लांगने पेनल्टीवर केला आणि तो वहिनींच्या संघात निघाला. सगळ्यांनी चकित होऊन पाहिले, कारण आर्सेनलसमोर पीएसव्हीचा आघाडीवीर घेणे त्यांच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हते. मी वहीचे त्यांचे पान उलटून पाहिले. तिथे माझ्या खात्याच्या कितीतरी आधी, हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात, एक खाते उघडलेले होते, त्याचे नाव होते 'चिरंजीव', आणि त्याखाली सप्टेंबरपासूनची लांगची प्रत्येक रक्कम, नफ्यातोट्यासह, सुवाच्य अक्षरांत मांडलेली होती. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा ह्याच शहरात जन्मला आहे. त्याला पेठ शोधावी लागत नाही.

आठवड्याने लंडनमधील परतीच्या सामन्यात, जो दोनास दोन असा बरोबरीत सुटला आणि ज्याच्या निकालाने कशातच फरक पडणार नव्हता, पेरिशिचने पुन्हा गोल केला. वहिनींनी फोन करून सांगितले की रक्कम 'पेठ' खात्यावर जमा केली आहे, तथापि खाते अद्याप तोट्यातच आहे. आणि ते पुढच्या हंगामात चालू ठेवायचे की बंद करायचे, हे ऑगस्टपूर्वी लेखी कळवावे. मी त्याच संध्याकाळी कळवले: चालू ठेवावे.