खाऱ्या वाऱ्यातला दम

मुंबईकराला अलिबाग माहीत असते ते समुद्रासाठी, आणि फार तर पांढऱ्या कांद्यासाठी. भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट बोटीत चढायचे, तासाभरात मांडव्याला उतरायचे, दोन दिवस वाळूत काढायचे, ओहोटी साधून कुलाबा किल्ल्यावर पायी जाऊन यायचे आणि परतताना कांद्याची माळ हातात धरायची, असा हा ठरावीक कार्यक्रम. त्यात वावगे काहीच नाही. मात्र भातकापणी आटोपल्यावर, थंडीच्या दिवसांत, रात्री नऊ-साडेनऊनंतर या किनाऱ्यावर एक वेगळेच जग जागे होते. ते पाहायचे तर समुद्राकडे पाठ करून गावात शिरावे लागते.

मी शिरलो तो एका दगडाच्या निमित्ताने. मराठी शिकवणाऱ्या माणसाला अलिबागेहून चौलच्या वाटेवर लागणारे आक्षी हे गाव म्हणजे तीर्थक्षेत्रच. शिलाहार राजा केशिदेव याच्या वेळचा शिलालेख या गावचा. त्यावरचा काळ शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी वाचला. त्यावर विद्वानांचे मतभेद आहेत, ते असोत. हा वाचनाचा आकडा धरला तर मराठीतला हा सर्वांत जुना कोरीव लेख ठरतो. वरती सूर्यचंद्र, आणि दान मोडणाऱ्याला घातलेली एक अस्सल ग्रामीण शिवी. वर्षानुवर्षे हा दगड रस्त्याकडेला बेवारशासारखा उभा होता. आपल्या भाषेचा जन्मदाखला आपण कसा जपतो, हे पाहून मन जरा खट्टू होते.

माझे यजमान हा खट्टूपणा ओळखून असावेत. जेवणे होताच म्हणाले, "सर, दगड पाहून झाला. आता जिवंत मराठी ऐकायला चला. आज सामने आहेत."

नागाव मागे टाकून चौलच्या अलीकडे, नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून आम्ही चालत निघालो. चौलच्या दत्ताची जत्रा नुकतीच उलगली होती आणि मार्गशीर्षाची थंडी चांगलीच बोचत होती. लाउडस्पीकरचा आवाज आधी आला, मग उजेड दिसला. कापणी झालेल्या शेतातले ढेकूळ फोडून, खडे वेचून, पाणी मारून आणि रोलर फिरवून तयार केलेले मैदान. पांढऱ्या फक्कीच्या रेषा. बांबूंना बांधलेले दिवे. एका बाजूला लाकडी फळ्यांची गॅलरी आणि तिच्यासमोर चटया टाकून बसलेल्या बायका, त्यांच्या मांडीवर निजलेली मुले. नऊ वाजता सुरू व्हायचे ते सामने साडेदहाला सुरू झाले. याबद्दल तक्रार करणारा मी एकटाच होतो.

कबड्डीचे मैदान लहान असते, पुरुषांसाठी १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. एवढ्या जागेत सात-सात गडी समोरासमोर उभे राहतात. चढाई करणाऱ्याने एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत परक्या अंगणात जायचे, निदानरेषा ओलांडायची, कुणाला तरी शिवून परत यायचे, आणि यासाठी वेळ तीस सेकंदांचा. सांगायला सोपे, पण पाहताना मात्र आपलाच श्वास अडकतो. कोपऱ्यातला गडी वाकून घोट्याची वाट पाहत असतो. मधले दोघे हातात हात गुंफून साखळी धरतात. चढाईचा गडी डाव्या कोपऱ्याकडे बघतो आणि उजवीकडे पाय टाकतो. मग एकदम धूळ उडते, सात देहांचा ढीग होतो, आणि त्या ढिगातून एक हात मध्यरेषेच्या पलीकडे टेकलेला दिसतो. तो टेकला की नाही, यावर दोन्ही गावांची मते आधीपासून ठरलेली असतात!

माझ्या कानाला मात्र निवेदकाच्या तोंडचा एक शब्द पुन्हा पुन्हा खुणावत होता. सगळा संघ बाद झाला की तो ओरडे, "लोण!" समोरच्या संघाला दोन गुण जादा. आट्यापाट्यांतही आमच्या लहानपणी हाच पुकारा होता. लोण म्हणजे मीठ. लोणचे आणि लोणार त्यातलेच. इथून जवळच पेण-उरणकडे मिठागरे पसरलेली, तेव्हा खेळातल्या लोणाची गाठ त्या मिठाशी घालण्याचा मोह व्युत्पत्तीच्या मास्तराला होतोच. तो मी आवरतो. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. आंतरराष्ट्रीय कबड्डीच्या इंग्रजी नियमपुस्तकात हा शब्द भाषांतर न करता जसाच्या तसा घेतलेला आहे. इराणचा, कोरियाचा, जपानचा पंच गुणफलकाकडे बोट दाखवून 'लोना' म्हणतो. आक्षीचा दगड कुठे गेला नाही. हा शब्द मात्र आशियाभर फिरून आला.

तो फिरला कसा, हेही थोडे सांगायला हवे. आपल्याकडे याला हुतूतू म्हणत, बंगालात हाडूडू, दक्षिणेत चेडुगुडु. गावोगावचे नियम निराळे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत महाराष्ट्रातल्या व्यायामप्रेमी मंडळींनी ते लिहून काढायला सुरुवात केली. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनला, ऑलिंपिकच्या वेळी, आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके केली आणि त्यात हा खेळही होता. पुढे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी आयुष्य या खेळाला वाहिले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये कबड्डी प्रदर्शनापुरती होती. १९९० साली बीजिंगला ती पदकांच्या यादीत आली आणि सुवर्ण भारताने घेतले. त्या संघात आपला अशोक शिंदे होता. मग हिरोशिमा, बँकॉक, बुसान, दोहा, ग्वांगझू, इंचिऑन. पुरुषांची ओळीने सात सुवर्णपदके. महिलांची स्पर्धा २०१० मध्ये सुरू झाली, त्यांनी तेव्हा आणि २०१४ मध्ये, अशी दोन्ही पदके आणली. २०१४ च्या संघात मुंबईची अभिलाषा म्हात्रे होती.

इतके सोने एकसारखे मिळत गेले की त्याचे कौतुक उरले नाही. क्रिकेटमधला एखादा पराभव पहिल्या पानावर आणि कबड्डीचे सुवर्ण आतल्या पानाच्या तळाशी, असे आपण वाचत आलो. मला वाटते, यात दोष केवळ वर्तमानपत्रांचा नव्हता. जो सामना सुरू होण्याआधीच जिंकलेला आहे, त्याची बातमी ती काय करायची?

माझ्या शेजारी मफलर गुंडाळून एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. तरुणपणी गिरणीत होते आणि परळ-लालबागच्या मैदानांवर खेळलेले. सगळे त्यांना अण्णा म्हणत होते, म्हणून मीही म्हणू लागलो. मी त्यांना २०१८ च्या जकार्ताबद्दल विचारले. त्यांनी आधी तोंडातली सुपारी एका गालात सरकवली.

"त्या दिवशी गावात चूल पेटली नाही असं सांगणार नाही," ते म्हणाले. "चूल पेटली. पण जेवताना कुणी बोलत नव्हतं."

जकार्ता-पालेम्बांगच्या त्या स्पर्धेत आधी दक्षिण कोरियाने भारताला २४-२३ असे हरवले. आशियाई स्पर्धांतला भारतीय पुरुषांचा तो पहिला पराभव. मग २३ ऑगस्टला उपान्त्य सामन्यात इराणने २७-१८ अशी मात केली आणि सात सुवर्णांच्या संघाला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. दुसऱ्याच दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात पुन्हा इराण, पुन्हा पराभव, २७-२४. आणि गंमत अशी की, इराणच्या त्या मुलींची प्रशिक्षक होती आपल्या नाशिकची, शैलजा जैन. परक्या देशात जाऊन त्यांनी फारसी शिकून घेतली, मुलींना योगासने आणि प्राणायाम शिकवले, आणि दीड-दोन वर्षांत त्यांच्या गळ्यात सुवर्णपदक घातले.

त्या वेळी काही जणांनी शैलजाबाईंवर नाक मुरडले. आपली विद्या परक्याला दिली म्हणे! मला हे मुळीच पटत नाही. आपण बर्लिनला गेलो, दिल्लीत प्रदर्शन केले, बीजिंगला खेळ नेला, तो कशासाठी? जगाने शिकावा म्हणूनच ना? मग जगाने शिकून दाखवल्यावर रुसायचे कसे? नाशिकच्या एका बाईने तेहरानच्या मुलीला दम धरायला शिकवले आणि ती मुलगी आपल्याविरुद्ध जिंकली, त्या दिवशी हा खेळ खरोखर आंतरराष्ट्रीय झाला. अण्णांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे अंधारात दिसले नाही.

पुढचा सामना रंगला होता. शेवटची दोन-तीन मिनिटे. पाहुण्या संघाचा पोरगा चढाईला आला, कोपऱ्याकडे वळला आणि कुणालाही न शिवता कडेच्या राखीव पट्टीत गेला. त्याच्या मागोमाग यजमानांचे तीन गडीही पट्टीत उतरले. झाले! पंचांनी शिट्टी वाजवली आणि निम्मे गाव मैदानात. एक म्हणतो, चढाईचा गडी तेवढा बाद. दुसरा म्हणतो, शिवल्यावाचून पट्टी उघडत नाही, मग मागे गेलेले तिघेही बाद. माइकवरचा निवेदक शांततेचे आवाहन करीत होता, त्याकडे कुणाचे लक्ष नव्हते.

मी थक्क झालो तो भांडणामुळे नव्हे. हाच, अगदी हाच प्रसंग ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधल्या हांगझूला घडला होता. अंतिम सामना भारत विरुद्ध इराण, दोन्हीकडे २८ गुण, शेवटची दोन मिनिटेही उरली नव्हती. कर्णधार पवन सेहरावत चढाईला गेला, न शिवता राखीव पट्टीत गेला, इराणचे बचावपटू त्याच्या मागे. जुना नियम की नवा नियम, यावर निर्णय फिरत राहिला. दोन्ही संघ मैदानात ठिय्या देऊन बसले आणि खेळ तासभर थांबला. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. त्या संघात महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे होते. त्याच दिवशी महिलांनी चिनी तैपेईला २६-२५ असे, एका गुणाने हरवले. साखळीत याच संघाशी त्यांची ३४-३४ अशी बरोबरी झाली होती. हे सुवर्ण त्या स्पर्धेतले भारताचे शंभरावे पदक. त्यात स्नेहल शिंदे होती आणि सोनाली शिंगटेही. सोनाली जकार्ताच्या हरलेल्या संघातही खेळली होती. दोन्ही पदके तिच्या घरी आहेत. तिला विचारले तर त्यांतले कोणते जड, हे ती सांगू शकेल.

"हांगझूला तास लागला," अण्णा म्हणाले, "आमच्याकडे दहा मिनिटांत होईल. रात्रीचं जेवण पंचाला आम्हीच घालतो."

बारा मिनिटे लागली.

खेळ पुन्हा सुरू झाल्यावर मी त्यांना मनातले विचारले. इथे गावागावात संघ, वाडीवाडीत मैदान. मग भारताच्या बारा जणांत आपली मुले दोनच कशी? अण्णांकडे उत्तर तयार होते, आणि ते मला अजून विचारात पाडते. आशियाई सामने होतात मॅटवर. तिथे बूट घालून खेळायचे असते, पाय घट्ट रोवतो, पकड निराळी बसते. मातीत अनवाणी घसरून निसटणारा पोरगा मॅटवर गेला की त्याची अर्धी विद्या गळून पडते. तालुक्याला एखादे मॅट असले तर असले. शिवाय एके काळी मुंबईत गिरण्या, कंपन्या, रेल्वे, बँका खेळाडूला नोकरी देत. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे ते दार लागले. हरियाणात मुलगा खेळला तर सैन्यात, पोलिसात लागतो, म्हणून बापच त्याला पहाटे मैदानावर नेतो. २०१४ पासून प्रो कबड्डीने थोडे पैसे आणले, टीव्हीमुळे पोरे हुशार झाली. "पण पोरगं वीस वर्षांचं झालं की घरचे विचारतात, आता काय?" अण्णा म्हणाले. "त्याला मी काय उत्तर देऊ? तुम्ही द्या."

प्राध्यापकाजवळ तरी ते कुठे होते?

सामने संपायला दोन वाजले. यजमान वाडी हरली, तरी बक्षीस समारंभाला कुणी उठून गेले नाही.

सकाळी मी रेवदंड्याला गेलो. पोर्तुगीजांच्या पडक्या तटाच्या बाहेर ओहोटीने वाळू घट्ट करून ठेवली होती, जवळजवळ मॅटसारखी. तिथे दहा-बारा शाळकरी मुली सराव करत होत्या. काठीने ओढलेल्या रेषा, पायांत बूट. कुणाचे मोठ्या भावाचे असावेत, कारण पुढे कापूस कोंबलेला दिसत होता. शिकवणाऱ्या बाई एका मुलीला पुन्हा पुन्हा मागे पाठवत होत्या. तिचा पाय चांगला पडत होता, हात लांब जात होता. पण समुद्राच्या वाऱ्यात तिचा आवाज पंचाला ऐकू जाण्याजोगा नव्हता. बाई कमरेवर हात ठेवून ओरडल्या, "अगं, शब्द स्पष्ट म्हण! तोंडातल्या तोंडात म्हणशील तर बाद देतील!" मुलीने छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा रेषा ओलांडली.